अक्कांनी लावलेली कडी

प्रमिलाअक्का आनंदात आल्या की त्यांची भाषाच बदलायची. एरवी ऑफिसात "सर, आपली सही राहिली आहे" असं तोलूनमापून बोलणं. पण एखादी गोष्ट सापडली, जमली, उलगडली की बाई सरळ अहिराणीत शिरायच्या आणि समोरच्याला "सर"वरून "भाऊ"वर आणायच्या. ऑफिसातून "दखा, दखा, हाई दखा", म्हणजे बघा, हे बघा, असं ऐकू आलं की स्टाफरूममधला कुणीतरी चहाचा कप खाली ठेवून म्हणायचा, "चला, अक्कांना काहीतरी सापडलं."

मी धुळ्याचा. एरंडोलजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायला लागलो, तेव्हा अक्का तिथे मुख्य लिपिक होत्या. माहेर नरडाण्याकडचं, सासर एरंडोलचं. बुटक्या, चालायला झपाझप, चष्मा काळ्या दोरीने गळ्यात अडकवलेला. तो डोळ्यांवर कमी आणि हवेत जास्त असायचा, कारण बोलताना त्या चष्म्यानेच खुणा करायच्या. टाइपरायटरवर नोकरी सुरू केलेली बाई. पण नव्या यंत्राची धास्ती त्यांना कधी वाटलीच नाही. उलट खोकं आलं की त्यांच्या चेहऱ्यावर असा उजेड पडायचा की खोक्यात नातवंड आहे असं वाटावं.

त्यांची एक सवय मी दुसऱ्या कुणातही पाहिली नाही. यंत्राबरोबर येणारी माहितीची पुस्तिका त्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायच्या. आपण सगळे ती पुस्तिका खोक्यात तशीच ठेवतो आणि खोकं माळ्यावर. अक्का तिला वर्तमानपत्राचं कव्हर घालायच्या, रोज डबा खाऊन झाला की चार पानं वाचायच्या आणि पेन्सिलीने खुणा करायच्या. पंख्याची पुस्तिका वाचलेली मी पाहिलेली ती एकमेव व्यक्ती. कुणी हसलं तर म्हणायच्या, "सर, लिहिणाऱ्यानं एवढं लिहिलंय, तर कुणी तरी वाचायला नको?"

दुसरी सवय पाहुणचाराची. आमचं कॉलेज हमरस्त्यापासून थोडं आत. पालक, जुने विद्यार्थी, पुस्तकविक्रेते, जो येईल तो घामाघूम होऊन यायचा. व्हरांड्यात अक्कांनी एक लांब बाक टाकून घेतला होता, शेजारी थंड पाण्याचं यंत्र. कॉलेजात वायफाय आलं, तेव्हा अक्कांनी त्याचा पासवर्ड सुंदर अक्षरात लिहून पाण्याच्या यंत्रावर चिकटवला. "आल्यागेल्याला पाणी विचारतो, तसं हे," असं त्यांचं म्हणणं. आम्हालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. खान्देशात दारात आलेल्याला कोण नाही म्हणतं?

मग तो प्रिंटर आला. छापणारा, झेरॉक्स काढणारा, स्कॅन करणारा, आणि हे सगळं वायरीशिवाय. जळगावच्या दुकानातला माणूस आला, पंधरा मिनिटांत त्याने तो वायफायला जोडला, एक पान छापून दाखवलं, म्हणाला, "चालू झालाय," आणि पुढच्या गावाला निघून गेला. अक्कांनी नारळ फोडला, प्रिंटरला हळदकुंकू लावलं आणि आम्हा सगळ्यांना गूळ-खोबरं वाटलं. मग स्वतःच्या टेबलावरून, न उठता, आपल्या फोनवरून एक पान छापलं. खोलीच्या दुसऱ्या टोकाला प्रिंटर घरघरला आणि अक्का खुर्चीतून उडाल्याच. "भाऊ, मी आठे, मशीन तठे, आनि कागद भायेर उना," असं त्या दिवसभर भेटेल त्याला सांगत होत्या. म्हणजे मी इथे, मशीन तिथे, आणि कागद बाहेर आला. बारावीच्या वर्गातही जाऊन सांगून आल्या.

पुस्तिका चांगली दीडशे पानांची होती. अक्कांनी कव्हर घातलं आणि रोजची चार पानं सुरू झाली. त्या चाळिसाव्या पानाच्या आसपास असतील, तेव्हा घोटाळा झाला.

बारावीच्या सराव परीक्षेचा रसायनशास्त्राचा पेपर परीक्षेच्या आदल्या संध्याकाळीच मुलांच्या फोनवर फिरला. अगदी छापील पेपरचा स्वच्छ फोटो. पेपर मी काढलेला. त्या दिवशी दुपारी मी स्वतः ऑफिसात त्याच्या प्रती काढल्या, मोजल्या, लखोट्यात घालून सील केल्या आणि प्राचार्यांच्या कपाटात ठेवल्या. सील शाबूत होतं. ऑफिसला कुलूप होतं. आणि कुलपाची किल्ली होती हिरामणभाऊंकडे.

हिरामणभाऊ आमचे शिपाई. निवृत्तीला वर्षभर राहिलेलं. सगळी हयात त्यांनी त्या कॉलेजात काढलेली, पण बोलणं इतकं कमी की काही नव्या शिक्षकांना त्यांचा आवाजच माहीत नव्हता. प्राचार्यांनी विचारलं तेव्हा त्यांनी एकच गोष्ट सांगितली. संध्याकाळी कुंड्यांना पाणी घालताना ऑफिसच्या खिडकीतून त्यांनी पाहिलं, की बंद खोलीत प्रिंटरच्या झाकणाखाली उजेड आपोआप इकडून तिकडे फिरला. खोलीत कुणी नव्हतं.

झालं. कुणी हसलं, कुणी म्हणालं, आता यंत्रालाही वारं येतं वाटतं. प्राचार्यांना ती सरळसरळ बनवाबनवी वाटली. शनिवारी संस्थेची बैठक होती. त्यात हिरामणभाऊंच्या निलंबनाचा विषय ठेवायचा असं ठरलं. दिवस होता बुधवार.

इथे माझं एक सांगायला हवं. परीक्षेच्या दिवशी सकाळी ऑफिस उघडल्यावर मी प्रिंटरचं झाकण उचललं, तर आत काचेवर माझ्या पेपरची मूळ प्रत तशीच पडलेली. झेरॉक्स काढून मूळ कागद आत विसरायचा, हे कुणाकडून झालेलं नाही? मी ती खिशात घातली. खोलीला रात्रभर कुलूप होतं, कागद जागच्या जागी होता, म्हणजे माझ्या विसरण्याने काही बिघडलं नाही, अशी मी मनाची समजूत घातली. पण खाई त्याला खवखवे. हिरामणभाऊ खाली मान घालून घंटा द्यायला निघाले की मी स्टाफरूमच्या दुसऱ्या दाराने बाहेर पडायचो.

सगळ्या कॉलेजात हिरामणभाऊंवर विश्वास ठेवणारी एकच व्यक्ती होती. अक्का म्हणाल्या, "हा माणूस गेल्या कित्येक वर्षांत माझ्याशी शंभर वाक्यं बोलला असेल. त्यातलं एक खोटं निघालं नाही. मग एकशेएकावं खोटं कसं निघेल?" आणि त्यांनी रोजची चार पानं सोडून ती पुस्तिका सलग वाचायला घेतली. बुधवारी दुपारभर वाचली. घरी नेली. गुरुवारी मधल्या सुट्टीत त्यांनी मला हाक मारली.

"सर, तुम्ही फक्त इथे उभे राहा. मशीनकडे बघत. हात लावू नका."

मी उभा राहिलो. अक्का बाहेर गेल्या. खिडकीतून मला त्या व्हरांड्यातल्या बाकावर बसलेल्या दिसल्या. चष्मा डोळ्यांवर, एका हातात फोन, दुसऱ्या हातात एक कागद. प्रिंटरचं एक बटण दाबलं की तो स्वतःची सगळी माहिती एका पानावर छापून देतो, तोच तो कागद होता. त्यावरचा पत्ता, म्हणजे चार आकडे आणि मधली टिंबं, बाई एकेक करून फोनवर दाबत होत्या.

आणि माझ्या डोळ्यांसमोर बंद झाकणाखाली उजेड पेटला आणि सावकाश इकडून तिकडे गेला.

बाहेरून आवाज आला, "उजेड फिरना का?"

"फिरला, अक्का."

"भाऊ, हिरामणभाऊ खरं बोलनात. दखा, दखा. बठ्ठं दार उघडं शे." म्हणजे अख्खं दारच उघडं. आणि ती निवृत्तीला आलेली बाई व्हरांड्यातून अक्षरशः धावत आत आली. फोन माझ्यासमोर धरला. त्यावर प्रिंटरच्या रिकाम्या काचेचा पांढरा फोटो होता, कोपऱ्यात एक मेलेला डास. तो डास आम्ही झाकण उघडून पाहिला. होता.

सगळा प्रकार इतका साधा होता की मला हसू आणि रडू एकदमच आलं. प्रिंटर वायफायला जोडला की त्याचं एक पान फोनवर उघडतं. त्या पानावरून बसल्या जागी स्कॅन करता येतं. त्या पानाला दुकानदाराने पासवर्ड लावलाच नव्हता. आणि वायफायचा पासवर्ड तर पाण्याच्या यंत्रावर सुवाच्य अक्षरात सगळ्यांसाठी होता. काचेवर जो कागद असेल तो बाकावर बसलेल्या कुणाच्याही फोनमध्ये. खोलीचं कुलूप बिचारं आपलं काम इमानाने करत होतं.

अक्का बोलता बोलता थांबल्या. चष्मा काढला. "पण सर, काचेवर कागद असायला हवा ना. पेपर काचेवर कसा होता?"

माझा हात नकळत खिशावर गेला. त्यांनी ते पाहिलं. त्यांना कळलं. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "मी कुणाला सांगणार नाही. तुमचं तुम्ही ठरवा."

शुक्रवारी सकाळी त्यांनी प्राचार्यांना ऑफिसात आणलं. म्हणाल्या, "साहेब, कागदावर काहीही लिहा, मला दाखवू नका, झाकणाखाली ठेवा, खोलीला कुलूप लावा आणि किल्ली तुमच्या खिशात ठेवा." प्राचार्य कपाळाला आठ्या घालून लिहायला बसले. हिरामणभाऊंना अक्कांनी मुद्दाम बोलावून घेतलं होतं. ते भिंतीशी उभे होते. कुलूप लागलं. अक्का बाकावर जाऊन बसल्या. पाच मिनिटांनी परत आल्या आणि सगळ्यांसमोर फोनवरून वाचलं, "मला उशीर होतो आहे."

प्राचार्यांनी तेच लिहिलं होतं. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यांनी फोन हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, कुलूप ओढून पाहिलं.

"हातच्या काकणाला आरसा कशाला, साहेब," अक्का म्हणाल्या. पण लगेच त्यांचा आवाज खाली आला. "आणि पासवर्ड तिथे मी चिकटवला होता. ती चूक माझी. मला मेमो द्या."

बाईंनी आपली चूक आधी मांडली. त्यानंतर मला गप्प बसणं शक्य नव्हतं. मी म्हणालो, मूळ प्रत मी आत विसरलो होतो. प्राचार्य उठून हिरामणभाऊंजवळ गेले आणि म्हणाले, "हिरामणभाऊ, चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो. चुकलं आमचं." हिरामणभाऊंनी मान हलवली आणि घंटेची वेळ झाली म्हणून बाहेर गेले. त्या दिवशी घंटा नेहमीपेक्षा जोरात वाजली असं मला वाटलं.

नंतर बारावीची दोन मुलं आपणहून येऊन कबूल झाली. प्रकल्पाची पानं छापायची होती म्हणून बाकावर बसून प्रिंटरचं ते पान उघडलं, स्कॅनवर बोट पडलं आणि समोर पेपर. पेपर समोर आल्यावर कोण डोळे मिटतो? शनिवारच्या बैठकीत निलंबनाचा विषय निघालाच नाही. मी दुसरा पेपर काढला, आणि मला एक मेमो मिळाला. तो मी अजून जपून ठेवला आहे.

आता खरी मजा. त्याच शनिवारी अक्कांनी प्रिंटर नव्याने जोडायला घेतला. जळगावच्या दुकानातला माणूस फोनवर म्हणाला, "बाई, चालू आहे ना, मग कशाला हात लावता?" अक्का म्हणाल्या, "भाऊ, दार बसवलं म्हणजे कडी बसली असं नाही." हे वाक्य पुढे आमच्या कॉलेजात म्हणीसारखं झालं.

ते काम कसं चालणार हे सांगायला त्यांनी सगळा स्टाफ ऑफिसात गोळा केला. फळा नव्हता, म्हणून चष्म्याने हवेत आकृत्या काढल्या. "कानबाई माहीत आहे ना सगळ्यांना?" त्या म्हणाल्या. श्रावणात घरोघरी बसणारी कानबाई देवी खान्देशात कुणाला माहीत नाही? "आमच्याकडे त्या दिवशी पाहुण्याला मांडे वाढतात, खीर वाढतात, पोट फुटेपर्यंत वाढतात. पण देवीच्या नैवेद्याचा रोट फक्त भाऊबंदांनी खायचा. पाहुणा कितीही मोठा असला तरी रोट नाही. आणि त्यात अपमान कुणाला वाटत नाही. माझं लग्न झालं त्या वर्षापासून माहेरचा रोट मलाही नाही. लेक सासरी गेली, तिचं कूळ बदललं. आई मांडे वाढते आणि रोटाचं ताट आत नेते. मी काय रुसते? तर आता इथेही तसंच. दोन चुली."

आणि तशाच दोन चुली त्यांनी मांडल्या. वायफायच्या यंत्रात पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क करता येतं, हे त्यांनी त्याचीही पुस्तिका वाचून शोधलं होतं. पाहुण्यांच्या नेटवर्कवरून जगात कुठेही जा, पण ऑफिसचा प्रिंटर दिसणार नाही. प्रिंटर ऑफिसच्या नेटवर्कवर, त्याचा पासवर्ड लांबलचक आणि कुठेही न चिकटवलेला. प्रिंटरच्या पानाला स्वतःचा वेगळा पासवर्ड. फोनवरून स्कॅन करणं बंद. शिवाय हा प्रिंटर गुपचूप स्वतःचंही एक छोटं वायफाय सोडत होता, कंपनीने दिलेल्याच पासवर्डवर. ते सापडलं तेव्हा तर अक्कांनी टाळीच वाजवली. "आनि हाई मांगलं दार," म्हणाल्या आणि तेही बंद केलं. शेवटी अशी सोय केली, की पेपर छापायला पाठवला तरी आपण स्वतः प्रिंटरपाशी जाऊन आपला आकडा दाबल्याशिवाय कागद बाहेर येत नाही. पहिला आकडा त्यांनी मला दाबायला लावला. कागद आला, आणि त्या इतक्या खूश झाल्या की मधल्या सुट्टीत सगळ्या स्टाफला शेवभाजी मागवली.

पाण्याच्या यंत्रावर पाहुण्यांचा नवा पासवर्ड लागला, तसाच सुंदर अक्षरात. पाहुणचार अक्कांनी सोडला नाही.

या कडीची परीक्षा झाली ती मात्र पुढच्या आठवड्यात. संस्थेचे अध्यक्ष आले. सगळे त्यांना आबा म्हणतात, आणि त्यांच्यासमोर प्राचार्यसुद्धा खुर्चीच्या कडेवर बसतात. आबांनी फोन काढला, "प्रमिलाबाई, तुमच्या ऑफिसचं वायफाय द्या जरा." अक्का त्यांना नम्रपणे व्हरांड्यात घेऊन गेल्या आणि पाण्याच्या यंत्रावरचा कागद दाखवला. प्राचार्यांचा जीव खाली-वर.

"हे तर पाहुण्यांचं," आबा म्हणाले. "मी पाहुणा?"

"आबा, तुम्ही घरधनी," अक्का म्हणाल्या, "पण तुमचा फोन पाहुणा. तो दिवसभरात कुठे कुठे जेवून येतो, आपल्याला काय माहीत?"

आबांनी हातातल्या फोनकडे पाहिलं आणि ते असे हसले की बाकावरचे पालकही हसायला लागले. त्यांनी मुकाट्याने पाहुण्यांचा पासवर्ड घातला. नंतर त्यांनीच पुढच्या बैठकीत सांगितलं, की संस्थेच्या बाकीच्या शाळांतही प्रमिलाबाईंना पाठवा. मग दोन महिने अक्का पिशवीत पुस्तिका घालून गावोगाव फिरल्या. पार पिंपळनेरपर्यंत गेल्या. प्रत्येक ठिकाणी नारळ, प्रत्येक ठिकाणी कानबाई, प्रत्येक ठिकाणी दोन चुली. परत आल्या की मला सांगायच्या, "सर, तिथल्या मशीनलाही मागचं दार होतं." एखाद्या गावी नवी चुलतबहीण भेटावी तसा तो आनंद असायचा.

त्याच वर्षी त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. माझं भाषण बरं झालं नाही. सगळं आटोपल्यावर अक्का हातातला नारळ टेबलावर ठेवून ऑफिसात आल्या आणि म्हणाल्या, "सर, बसा. ऑफिसचा पासवर्ड बदला."

मी म्हटलं, "अक्का, आज राहू द्या. उद्या निवांत बदलतो."

"उद्या नाही. मी इथे असतानाच. पासवर्ड मला पाठ आहे ना."

"तुमच्यापासून कसली कडी लावायची, अक्का?"

"माझ्यावर विश्वास आहे म्हणून एक दार उघडं ठेवलंत, तर उद्या दुसऱ्या कुणावर विश्वास नाही म्हणून संशय घ्याल," त्या म्हणाल्या. "त्यापेक्षा सगळ्यांना एकच नियम. मग कुणाच्या किल्लीकडे बोट जात नाही."

आणि त्या खिडकीकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. तीच ती खिडकी. मी नवा पासवर्ड घातला, एका कागदावर लिहिला, लखोट्यात घालून सील केला. "कुणाकडे देऊ?" मी विचारलं. अक्कांनी मान वळवली नाही. फक्त हाक मारली, "हिरामणभाऊ." हिरामणभाऊ आले. लखोटा त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली सदऱ्याच्या आतल्या खिशात टाकली.

अक्कांच्या हातातला फोन क्षणभर थरथरला. त्यांनी चष्मा लावून पाहिलं. "गयं," त्या म्हणाल्या. नेटवर्क गेलं होतं.

धुळ्याच्या बसला वेळ होता. त्या नरडाण्याला भावाकडे चालल्या होत्या. ऑफिसात बसा म्हटलं तर ऐकेनात, बाहेर व्हरांड्यात जाऊन बाकावर बसल्या. आयुष्यभर ज्यांनी त्या बाकावर दुसऱ्यांना बसवलं, त्या तिथे पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. हिरामणभाऊंनी ट्रेमध्ये ग्लास ठेवून पाणी नेलं. अक्का एरवी स्वतःच उठून पाणी घ्यायच्या. आज त्यांनी ट्रेमधला ग्लास उचलला, पाणी प्यायल्या आणि मान वर करून पाण्याच्या यंत्रावरचा स्वतःच्याच अक्षरातला पासवर्ड बघत बघत फोनवर घातला.

मी दारात उभा होतो. मला वाटलं, त्या डोळे पुसतील. त्या फोनवर काहीतरी शोधत होत्या. एकदा शोधलं, पुन्हा शोधलं, चष्मा काढून पुसला आणि परत शोधलं. मग त्यांचा चेहरा खोकं उघडल्यासारखा उजळला आणि त्यांनी मला हाक मारली.

"भाऊ, दखा, दखा. मशीन माले दिखस नही."